धाप कुणी विचारली?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय निघाला की नांदेड-हिंगोलीकडे वाद ठरलेल्या वाटेने जातो. कार्यक्रम राबवणारे सांगतात, इतक्या लोकांचं रक्त तपासलं, कोण रुग्ण, कोण नुसता वाहक हे सांगणारी इतकी कार्डं वाटली, आता लग्नाआधी कार्डं जुळवून बघा म्हणजे पुढची पिढी सुटली. टीका करणारे म्हणतात, पुढच्या पिढीचं नंतर बघू, आज जे आजारी आहेत त्यांचं बोला. या आजारात हृदय आणि फुप्फुसं आतल्या आत खराब होत जातात, तेव्हा प्रत्येक रुग्णाची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. त्यावर तज्ज्ञांचं उत्तर येतं, लक्षणं नसलेल्या रुग्णांची सरसकट इको करू नये असंच आता जगातले रक्तविकारतज्ज्ञ सांगतात. इथे चर्चा संपते. टीकाकारांकडे पुढचा मुद्दा नसतो, तज्ज्ञांना दुसरी कामं असतात, आणि रुग्ण होता तिथेच राहतो.

मला वाटतं, तज्ज्ञांचं वाक्य बरोबर आहे आणि तरीही आपल्याकडे ते चुकीच्या जागी वापरलं जातंय. एखाद्याला 'लक्षणं नाहीत' असं म्हणायचं तर आधी कुणीतरी ती विचारलेली असावी लागतात. दम लागतो का, किती चालल्यावर लागतो, गेल्या वर्षी याच चढावर लागत होता का, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात का, हे प्रश्न नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या किती एसएस रुग्णांना, म्हणजे नुसते वाहक नव्हे तर प्रत्यक्ष आजार असलेल्यांना, कुणी बसून विचारले? मराठवाड्याला इकोची महाशिबिरं नकोत. हवी आहे ती प्रत्येक ज्ञात रुग्णाची ठरावीक काळाने नीट चौकशी, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा, सहा मिनिटांची चाल, आणि त्यातून ज्याच्याबद्दल शंका येईल त्याची इको, तीही पुढे काय करायचं हे आधी ठरवून.

गंमत बघा, या आजाराची ओळखच मुळी धापेपासून झाली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ज्या रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचं लिहिलं, तो वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण. तो खोकला आणि तापाने दाखल झाला होता. त्याआधी वर्षभर त्याला धडधड होत होती, दम लागत होता, आणि सिगारेट जास्त ओढल्यामुळे असेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. शिक्षण पुरं करून तो मायदेशी गेला, दाताचा दवाखाना थाटला आणि १९१६ साली, ऐन तिशीत, निमोनियाने गेला. आजच्या ज्ञानाने पाहिलं तर तो निमोनिया साधा नसावा. आणि हेरिक कोण? ज्यांनी १९१२ मध्ये हृदयाच्या धमनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो हे दाखवून हृदयविकाराच्या झटक्याची समज बदलली, तेच. म्हणजे सिकलसेलचा पहिला निबंध लिहिणारा माणूस हृदयाचा जाणकार, पहिला रुग्ण छातीच्या आजाराने गेलेला. आणि शंभरेक वर्षांनी आपल्या गावातल्या भिंतीवरच्या फलकांवर सिकलसेल म्हणजे काय? सांधेदुखी, कावीळ, रक्त कमी होणं. छातीचं नावच नाही.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती दोन-तीन आठवड्यांतच फुटते. त्यामुळे रक्त कायम कमी, आणि कमी रक्तात सगळ्या शरीराला प्राणवायू पुरवायचा म्हणून हृदय वर्षानुवर्षं जादा काम करतं, चढाला लागलेल्या बैलासारखं, ओझं खाली न ठेवता. त्याचे कप्पे मोठे होतात, भिंती ताठर होतात. दुसरीकडे फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं फिरतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून टाकतं. फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या आवळत जातात, उजव्या बाजूच्या हृदयावर दाब वाढतो. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह साठतं, ते निराळं. यातलं काहीही दुखत नाही. सिकलसेलचं दुखणं हाडांत असतं, तिथे रुग्ण ओरडतो आणि आपण धावतो. हृदय आणि फुप्फुसं मात्र ओरडत नाहीत.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो खरोखर भक्कम आहे. २००४ मध्ये अमेरिकेत १९५ प्रौढ रुग्णांची इको करून पाहिली, तेव्हा जवळपास तिघांपैकी एकाच्या फुप्फुसातला दाब वाढल्याची खूण दिसली, आणि अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. साहजिकच सगळ्यांची इको करा असा सूर लागला. पुढे २०११ मध्ये फ्रान्समधून ३९८ रुग्णांचा अभ्यास आला. इकोवर २७ टक्क्यांमध्ये तीच खूण दिसली, पण हृदयात नळी घालून दाब प्रत्यक्ष मोजला तेव्हा आजार पक्का ठरला तो फक्त ६ टक्क्यांत. म्हणजे इकोने ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्यातल्या चारपैकी तिघांना तो आजार नव्हताच. त्यातच हा दाब कमी करायला सिल्डेनाफिल देऊन पाहिलं, तर दुखण्याचे झटके वाढून रुग्ण जास्त भरती होऊ लागले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नियमित इकोची शिफारस केली होती. २०१९ मध्ये तिथल्याच रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने लक्षणं नसतील तर नको असं सुचवलं. हे सगळं झाकून ठेवून 'सगळ्यांची इको करा' म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे. वर आपल्याकडचा एक जादाचा धोका: इकोच्या कागदावर एक ओळ आली की गावात 'पोरीचं हृदय खराब आहे' एवढंच पसरतं, आणि चारपैकी तीन वेळा ते खोटं असूनही तिच्या लग्नाचं काय व्हायचं ते होऊन जातं.

पण त्याच २०१९ च्या शिफारशीचा उरलेला भाग आपल्याकडे कुणी वाचून दाखवत नाही. सरसकट इको नको म्हणताना ती असंही सांगते की हृदय-फुप्फुसांच्या तक्रारींची नेमकी, खोदून चौकशी प्रत्येक रुग्णाकडे व्हायलाच हवी, आणि ज्याच्यात खुणा दिसतील त्याची इको करावी. पहिल्या निम्म्यावर बोट ठेवून दुसरं निम्मं गाळलं तर ती कंजुषी झाली, तिला वैद्यकीय शिस्त कशी म्हणायची?

यात नवीन काही नाही. क्षयरोगाच्या बाबतीत हा देश याच वळणावर उभा होता. पन्नाशीच्या दशकात सगळ्या लोकसंख्येचे छातीचे एक्स-रे काढत गाड्या फिरवायच्या की दवाखान्यात खोकत येणाऱ्याचा थुंकी-नमुना तपासायचा, असा तो प्रश्न होता. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा अभ्यास १९६३ मध्ये छापून आला. त्यांनी खेड्यांत जाऊन पाहिलं तर क्षयाची लक्षणं असलेले निम्मे लोक आधीच कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्याची पायरी चढून आले होते, आणि खोकल्याचं औषध घेऊन परत गेले होते. कार्यक्रमाची आखणी मग याच पायावर झाली: आलेल्या माणसाला खोकला किती दिवसांचा आहे ते विचारा आणि थुंकी तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने फिरत्या एक्स-रे गाड्यांची पद्धत सोडून द्या असं सांगितलं ते १९७४ मध्ये. सरसकट यंत्र नको, हे तेव्हाही खरं होतं. पण त्याचा अर्थ शोधायचंच नाही असा कुणी काढला नाही. सिकलसेलमध्ये आपण नेमका तोच अर्थ काढून बसलो आहोत.

आणि इथला रुग्ण दवाखान्यात येत नाही असंही नाही. येतो, आणि 'रक्त कमी आहे' हे उत्तर घेऊन जातो. हे उत्तर सगळ्यात घातक, कारण ते खरं असतं. हिमोग्लोबिन साडेसात, म्हणून दम लागतो; डॉक्टरलाही पटतं, रुग्णालाही पटतं. पण हिमोग्लोबिन पाच वर्षांपूर्वीही साडेसातच होतं ना? मग तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई आता रिकाम्या हाताने मध्येच का बसते? रक्त तेवढंच आणि धाप नवी, हा फरक पकडला की पुढची तपासणी सुरू होते. तो पकडायला इकोचं यंत्र लागत नाही, मागच्या खेपेची नोंद लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात तर हे आणखी झाकलं जातं. कोयता पाच-सहा महिने बाहेर. पहाटेची थंडी, अंगमेहनत, पाणी कमी पिणं, हे सगळे सिकलसेलचे शत्रू फडात एकत्र भेटतात. जिला मोळी वाहताना दम लागतो ती हळूहळू मोळ्या बांधायला बसते, मग स्वयंपाकाला कोपीवर थांबते. घरच्यांच्या हिशेबी ती 'नाजूक' ठरते. काम बदलून तिने लक्षण मिटवलेलं असतं. तिला विचारलं, दम लागतो का, तर ती खरं तेच सांगेल: नाही. म्हणून प्रश्नच वेगळा हवा: आधी कोणतं काम करत होतीस, ते कधी सोडलंस आणि कशामुळे?

हा झाला संथ धोका. दुसरा धोका तासांत येतो, आणि तो तर वॉर्डातच घडतो. अंगदुखीच्या झटक्याने रुग्ण भरती होतो, दोन-तीन दिवसांत छातीत दुखतं, ताप येतो, ऑक्सिजन घसरतो, एक्स-रेवर नवा डाग दिसतो. डॉक्टर याला अॅक्युट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. प्रौढ रुग्णांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. २००० साली अमेरिकेतून आलेल्या मोठ्या अभ्यासात अशा ६७१ घटना तपासल्या होत्या. जवळपास निम्म्या रुग्णांना भरती केलं होतं ते भलत्याच कारणासाठी, बहुतेक करून दुखण्यासाठीच. फासळ्या दुखतात म्हणून रुग्ण श्वास अर्धाच घेतो, वेदनाशामकाने श्वास आणखी मंदावतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, तिथे प्राणवायू कमी पडतो आणि पेशी तिथेच अडकतात. त्यात आपली सलाईनची हौस. एक बाटली संपली की दुसरी, नातेवाइकांनाही बाटली लटकलेली दिसली की बरं वाटतं. पण नसेतून गेलेलं जादा पाणी शेवटी फुप्फुसातच उतरतं.

यावरचा एक उपाय इतका स्वस्त आहे की त्याची कुणाला प्रतिष्ठाच वाटत नाही. प्लास्टिकच्या तीन नळ्या, त्यात तीन रंगीत गोळ्या, नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर उचलल्या जातात. करोनात हे खेळणं घरोघरी आलं होतं. जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास, एवढंच. छाती किंवा पाठ दुखते म्हणून भरती झालेल्या सिकलसेल रुग्णांत याने फुप्फुसाची ही गुंतागुंत कमी होते हे १९९५ मध्येच सिद्ध झालंय. एका सरकारी वॉर्डात मी हे यंत्र पाहिलं, कपाटावर, वेष्टनासकट. खाली खाटेवर सतरा-अठरा वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, हाताला सलाईन, बोटाला चिमटा नाही. केसपेपरवर नाडी आणि रक्तदाब लिहिलेले, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन यांचे रकाने कोरे. तिथल्या सिस्टरना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्याकडे तेव्हा सगळा वॉर्ड एकटीवर होता. पण कोरे रकाने हे निदान असत नाही. आणि सुटी देताना कार्डावर 'निमोनिया' लिहिलं जातं. दोन वर्षांत तीनदा निमोनिया झालेल्या रुग्णाची तीन कार्डं तीन दवाखान्यांची असतात. ती शेजारी ठेवून कुणी म्हणत नाही की हा निमोनिया नाही, ही सिकलसेलची छाती आहे. कधी तर एक्स-रेवरचा डाग पाहून सहा महिने क्षयाच्या गोळ्या चालू होतात.

'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो' हा युक्तिवादही नेहमीचा. त्यात तथ्य आहे. भारतातल्या बहुतेक रुग्णांमध्ये अरब-भारतीय धाटणीचं जनुक आढळतं, त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि ते पेशी वाकण्यापासून वाचवतं. पण सरासरी सौम्य म्हणजे प्रत्येक जण सौम्य नव्हे. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी विदर्भातल्या मुलांमध्ये आजार किती तीव्र होऊ शकतो हे वारंवार मांडलंय. विदर्भ आणि किनवट-माहूर यांच्यामध्ये पैनगंगा आहे, जनुकाला ती ओलांडायला होडी लागत नाही. नदीच्या दोन्ही काठांना गोंड, कोलाम, प्रधान, आंध आहेत, सोयरिकी आहेत. शिवाय सौम्य आजाराचा एक तोटा असतो: दुखण्याचे झटके कमी म्हणून रुग्ण जास्त जगतो, दवाखान्यात कमी जातो, आणि आतली झीज व्हायला त्याला पुरेशी वर्षं मिळतात.

मग तो निराशावादी प्रश्न: सापडलं तरी करणार काय? दाब कमी करणारं औषध तर उलटलं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सिकलसेलमध्ये लपलेलं शोधण्याला अर्थ येतो तो शोधल्यानंतर हातात काही असलं तर, हे इतिहासाने दोनदा दाखवलंय. तान्ह्या बाळांना पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग कमालीचा कमी होतो हे १९८६ मध्ये कळलं, आणि मग जन्मतःच तपासणी करण्याला खरं बळ आलं. मेंदूच्या वाहिन्यांतला रक्ताचा वेग सोनोग्राफीने मोजून धोक्यातली मुलं हेरायची आणि त्यांना नियमित रक्त द्यायचं, याने पक्षाघात ९० टक्क्यांहून जास्त कमी झाले, हे १९९८ चं. हृदय-फुप्फुसांसाठी इतकं नेमकं शस्त्र अजून नाही, हे मान्य. पण हातात काहीच नाही, हे कुणी सांगितलं? हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके आणि छातीची ती तीव्र गुंतागुंत दोन्ही जवळपास निम्म्यावर येतात, हे १९९५ पासून माहीत आहे. ती गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ज्याची धाप वाढतेय त्याला ती चालू करणं, चालू असेल तर डोस तपासणं, रात्री ऑक्सिजन उतरतो का बघणं, फुप्फुसात गुठळी तर नाही ना हे तपासणं, दमा असेल तर त्याचं औषध देणं, हे सगळं करण्यासारखं आहे. आणि गरोदर बाई? फुप्फुसातला दाब वाढलेल्या बाईचं बाळंतपण जिवावरचं असतं. तिचा दाब वाढलेला आहे हे प्रसूतीच्या टेबलावर कळावं की चौथ्या महिन्यात, यात फरक नाही असं कोण म्हणेल?

माणसं आणि यंत्रं कुठून आणायची, असं विचारलं जातं. २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई चिमटा घेऊन दारोदार फिरल्या. २०२१ च्या लाटेत सहा मिनिटं चालून ऑक्सिजन मोजा हे आरोग्य खात्याने शेंबड्या पोरालाही शिकवलं होतं. हेच सिकलसेलला हवं आहे, आणि तेही सगळ्या गावाला नको, प्रत्येक गावातल्या मोजक्या एसएस रुग्णांपुरतं. चिमट्याचा आकडा या आजारात थोडा इकडेतिकडे होतो, सावळ्या कातडीवर तर होतोच, हे खरं. म्हणून बरं असताना त्या रुग्णाचा स्वतःचा नेहमीचा आकडा कार्डावर लिहून ठेवायचा आणि आजारपणात त्याच्याशी ताडायचं. ज्याचा नेहमीचा ९५ आहे तो ९१ वर आला तर ती धोक्याची घंटा. ज्याचा कायमच ९१ असतो त्याची चौकशी तर आधीच व्हायला हवी होती. राहिली इको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इकोची शिबिरं होतातच. चौकशीतून आलेले सिकलसेलचे रुग्ण त्याच दिवशी त्याच यंत्राखाली घेता येतील. मोठ्यांना चालणार नाही, हा नियमाचा प्रश्न झाला, यंत्राचा नव्हे.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य. मला ही मोहीम हवी आहे, तिची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण निर्मूलन म्हणजे नवे रुग्ण जन्माला न येणं. आज जी मुलगी किनवटला दहावीत आहे ती २०४७ मध्ये चाळिशीला टेकलेली असेल, आणि हृदय-फुप्फुसांचे हे आजार डोकं वर काढतात ते याच वयात. तपासलेल्यांचा आकडा फलकावर लागतो. तिची धाप मोजल्याचा रकाना अर्जात असतो का, ते तालुक्याच्या बैठकीत विचारायला हवं.

आणि एक अडचण अस्सल आपल्याकडची. किनवटचा माणूस आजारी पडला की जवळ म्हणून आदिलाबादला जातो, माहूरचा यवतमाळला, कुणी रेल्वेने नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात. दोन राज्यं, तीन जिल्हे, प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि नवं 'रक्त कमी आहे'. सिकलसेलचं कार्ड मात्र सगळीकडे एकच असतं, रुग्ण ते जपून बाळगतो, कारण २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात धरला जातो आणि प्रमाणपत्रासाठी ते लागतं. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रेघा मारून घ्या: तारीख, हिमोग्लोबिन, बरं असतानाचा ऑक्सिजन, सहा मिनिटांत चाललेलं अंतर, छातीच्या आजाराने कधी भरती झाला ते. आदिलाबादच्या डॉक्टरला मराठी येत नसली तरी आकडे वाचता येतात.